अंगठ्याचं पाणी

शाळेत मी आरोग्याचा धडा फार झोकात शिकवायचो. पाणी उकळून प्यावं, नखं कापावी, जखमेला शेण लावू नये. पोरं जांभया द्यायची, पण मी सोडत नसे. मास्तरकी नवी होती आणि अंगात मस्ती होती, हे आज कबूल करतो.

बायको पहिलटकरीण. रिवाजाप्रमाणे माहेरी गेली. माहेर नागपुरातच, महालात. माझ्या सीताबर्डीच्या खोलीपासून पायी अर्ध्या तासावर. मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्याचा निरोप आला. मी गेलो, अंगणात बसलो, चहा प्यायलो, परत आलो. बाळंतपणात पुरुषानं नाक खुपसायचं नसतं, असं सगळेच म्हणत. मलाही ते सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू? बुधवारी शाळेत गेलो. गुरुवारीही गेलो. एप्रिल महिना, सकाळची शाळा. सुटली तसा भर उन्हात थेट महालात पोचलो, तर घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून कण्हणं ऐकू येत होतं. आवाज तिचाच, पण ओळखू येईना. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. एरवी त्या माझ्याशी दाराआडून बोलायच्या. त्या दिवशी डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात काशाची वाटी, वाटीत पाणी.

"जावईबापू, उजव्या पायाचा अंगठा बुडवा यात. तिले प्यायले द्यायचं हाय. नवऱ्याच्या अंगठ्याचं पाणी पोटात गेलं का बाई मोकळी होते."

मी पायांकडे पाहिलं. चालून चालून घाम आणि धूळ यांचा बोटांत चिखल झाला होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" मी ओरडलो. "दोन दिवस ती तडफडून राहिली, अन् तुम्ही तिले पायाचं धुवण पाजता?"

माझं ओरडणं आत गेलं असावं. ती आतून बोलली. एकेक शब्द ओढून काढत बोलली. "अहो, द्या ना... मी मांगून राहिली."

"तू चूप पडून राहा," मी म्हणालो. "मी डॉक्टरीण आणतो."

तिच्याशी माझं हे शेवटचं बोलणं.

टांगा करून बायकांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. व्हरांड्यात तासभर येरझारा घातल्या. वाटत होतं, मी किती शहाणा, त्या अडाणी बायकांच्या हातून तिला कसा सोडवतो आहे! टांग्यात बसल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला एकच विचारलं, "कल क्यूं नहीं आये?" मी काय सांगणार होतो? काल मी चौथीच्या वर्गाला उकळलेलं पाणी शिकवत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा मूल झालेलं होतं. मुलगी. दाईनं ती जुन्या लुगड्यात गुंडाळून उन्हाच्या तिरिपेत धरली होती आणि ती बारीक आवाजात रडत होती. डॉक्टरीणबाई आत गेल्या आणि थोड्याच वेळात हात पुसत बाहेर आल्या. रक्त थांबलंच नव्हतं. दाराशी ती वाटी तशीच भरलेली होती. सासूबाई वाटीजवळ बसल्या होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या.

मुलीला त्यांनीच वाढवलं. मला कधी उणा शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी एकदा मीच विषय काढला. म्हणालो, त्या पाण्यानं काही झालं नसतं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले बी मालूम हाय, जावईबापू. म्या कुठं म्हनलं का ती वाचली असती? पन तिनं मांगलं होतं."

पुढं मुलीचं लग्न झालं, तीही पहिलटकरीण झाली. या खेपेला कळा सुरू होताच मी तिला त्याच दवाखान्यात नेलं, एक घडी वाया घालवली नाही. ती व्हरांड्यात फेऱ्या घालत होती, जावई बाकावर नखं खात बसला होता. मी घरून काशाची वाटी पिशवीत घालून आणली होती. नळावर भरली, तिच्यापुढं नेली आणि म्हणालो, "बाई, तुले पाहिजे असंन तर त्याले अंगठा बुडवाले सांगतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पोट धरून हसली. "काहीतरीच बाबा तुमचं! तुम्हीच तं शिकवलं, असलं पाणी पिऊ नये म्हनून." तेवढ्यात कळ आली आणि नर्सनं तिला आत नेलं. जावईही दारापर्यंत गेला.

बाकावर मी एकटाच उरलो, मांडीवर भरलेली वाटी. मग इकडेतिकडे पाहिलं, वाटी फरशीवर ठेवली, उजवा पाय चपलेतून काढला आणि अंगठा पाण्यात बुडवला.