चाखून घेतलेलं कपाट

मोबाइलवर आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे, त्या काळातली गोष्ट. सयाजीगंजातल्या एका घाऊक औषधविक्रीच्या कंपनीत मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. प्रमुखही मीच आणि विभागही मीच. वर्षभरात दोनदा सर्व्हरची डिस्क गेली आणि भरलेले टेम्पो बिलांवाचून दारात अडकले. तिसऱ्यांदा असं झालं तर माझ्या खुर्चीवर दुसरा कोणी बसेल, हे शेठजींनी मला चहा पाजत अगदी प्रेमाने सांगितलं होतं.

म्हणून मी सॅन नावाच्या साठवणयंत्रणेचा हट्ट धरला. सगळ्या सर्व्हरांचा डेटा एकाच सामायिक कपाटात ठेवायचा. कपाटाकडे जायला दोन स्वतंत्र वायरी. एक तुटली तरी दुसरीवरून काम चालू. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहेलां चखाडो, भाई." चव घेतल्याशिवाय हा माणूस फाफडाही विकत घेत नसे.

शर्यतीत दोन कंपन्या होत्या. पहिलीचा टायवाला म्हणाला, चालू मशीनच्या वायरीला हात लावू देणार नाही. शेठजींनी त्याला खमण खिलवून वाटेला लावलं. दुसरीने मशीन आठवडाभर वापरायला आणून ठेवलं.

मग प्रयोगाचा दिवस! पडदा सारावा तसं मी सर्व्हररूमचं दार उघडलं. बाहेर बिलिंगच्या बाई, सगळ्यांच्या बेन, याच मशीनवरून बिलं करत होत्या. शेठजींनी एक नारिंगी वायर उपटली. बेनचा हात थांबलासुद्धा नाही. मी टाळ्यांची वाट पाहत उभा, आणि शेठजींचा चेहरा मात्र पडलेला.

"भाई, ही वायर नुसती देखाव्याची आहे," ते म्हणाले आणि मी आडवा यायच्या आत त्यांनी दुसरीही उपटली.

"साहेब, अडकलं," बाहेरून बेन.

मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर भिंतीला टेकला. मी शेठजींच्या हातातून वायर घेऊन परत खुपसली. माझी खुर्ची तेवढ्यात गेली आणि आली.

"हां, चाललं. तेच बिल आहे," बेन म्हणाल्या.

शेठजी खुलले. "बंद पडलं ना? म्हणजे माल खरा आहे." ऑर्डर तिथल्या तिथे!

महिनाभर मी घसा फोडून सांगत होतो की हे मशीन बंद पडत नाही, आणि ते पसंत पडलं बंद पडल्यामुळे. पुढे कुणीही पाहुणा आला की शेठजी त्याला चव द्यायला आत आणायचे. मी लगबगीने माझी खुर्ची उचलायचो, दुसऱ्या वायरीपुढे मांडायचो आणि पाहुणा जाईपर्यंत हसतमुखाने बसून राहायचो.