भिंतीकडे वळवलेला कॅमेरा

स्फाक्स शहरात बायकांच्या मयताला अंघोळ घालायची तर हाक जायची ती दूजालाच; मानानं सगळ्या तिला लल्ला म्हणत. म्हातारी तोंडानं फटकळ, हातानं मात्र फार मऊ. मबरूका तिच्याच हाताखाली तयार झालेली. नवऱ्यानं टाकलेली, पोरबाळ नाही. "जिवंतांनी हाकललं ना तुला? मग मेलेल्यांचं कर. ते उलट बोलत नाहीत," असं म्हणून म्हातारीनं तिच्या हातात तांब्या दिला होता.

पुढे म्हातारीचे गुडघे गेले आणि लेक रौदा तिला आपल्याकडे फ्रान्सला घेऊन गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी कुसकुसचं जेवण उरकलं की दोघी व्हिडिओवर. म्हातारीला कॅमेरा धड धरता यायचा नाही. अर्धं कपाळ आणि अर्धं छत, एवढंच दिसायचं. मबरूका त्या कपाळाशीच बोलायची.

"पाणी कोमट घेतेस ना? की कंटाळा?"

"घेते हो लल्ला."

"आणि माझी वेळ आली की तूच यायचंस. इथल्या कुणाचे हात नकोत मला."

"येईन की. आधी मरा तर खरं."

दोघी खूप हसायच्या.

आणि म्हातारी खरंच गेली. मबरूकाला व्हिसा काही मिळाला नाही. जिवंत माणसाला भेटायला मिळत नाही, तिथं मेलेल्याला कुठला मिळतोय! रौदाच्या गावात हे काम जाणणारी एकही बाई नव्हती. तिनं मयताच्या खोलीतूनच व्हिडिओ लावला.

"मबरूका, तू सांग, मी घालते. थांब, कॅमेरा आईकडे करते."

एकदा बघायचं होतं मबरूकाला, एकदाच. पण उघड्या मयतापुढे फोन? असाच फोन काढणाऱ्या एका पोरीला दूजानं ओल्या हातानं थोबाडलं होतं. मेलेलं माणूस नको म्हणू शकत नाही, म्हणाली होती.

"भिंतीकडे वळव," मबरूका म्हणाली.

"मग तुला दिसणार कसं?"

"नाही दिसलं तरी चालेल. तू बोलत राहा."

समोर नुसत्या भिंतीवरच्या पांढऱ्या फरश्या. त्यांच्याकडे बघत तिनं सगळं सांगितलं. वरची चादर काढू नकोस, खालून हात घाल. उजवी बाजू आधी. शेवटच्या पाण्यात कापूर. केसांच्या तीन वेण्या घाल, मागे सोड. रौदा हुंदके द्यायला लागली की ही दटावायची, "रड नंतर. आधी हात चालव." पलीकडे पाणी वाजत होतं आणि इकडे मबरूकाचे हात मांडीवर आपोआप हलत होते.

कफन बांधून झालं.

रिवाज असा, की अंघोळ घालणारीनं मयताचं चांगलं तेवढं बाहेर सांगायचं, बाकीचं पोटात ठेवायचं. इतकी वर्षं मबरूका बाहेर आली की घरच्या बाया तिच्या तोंडाकडे बघत, आणि ती म्हणे, "शांत होत्या. झोपल्यासारख्या." कधी ते खरं असे. पुष्कळदा नसे.

"रौदा," तिला राहवेना, "चेहरा कसा होता गं?"

पलीकडे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"शांत होती," रौदा म्हणाली. "झोपल्यासारखी."

मबरूकाला कळायचं ते कळलं.

"अल्ला तुझं भलं करो, बाई," ती म्हणाली, आणि फोन बंद करून धाय मोकलून रडली.