बारा मेंढ्यांचं परतीचं तिकीट

बेटावर त्यांना सगळे मावशीच म्हणत. सत्तेचाळीस मेंढ्या, एक खोली आणि पलीकडच्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणारी लेक, एवढा त्यांचा संसार. लेकीने यंदा फोनवर निक्षून सांगितलं होतं, "आई, मेंढीमागे आठ हजार मिळाले तर ठेव तुझा कळप. नाहीतर सगळा विकून इकडे यायचं. तुला काही झालं तर पंधरा दिवस बोट नाही. मला झोप लागत नाही." मावशी बरं म्हणाल्या. भाव तीन वर्षं सहाच्या पुढे सरकला नव्हता.

त्याचं कारण बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बोट दहाला पलीकडच्या धक्क्याला लागायची आणि बाराला परत फिरायची. व्यापारी दहाला येऊन मेंढ्यांच्या पाठी चाचपायचा, चहाला म्हणून जायचा आणि पावणेबाराला उगवायचा. मेंढ्या परत न्यायच्या तर भाडं पुन्हा भरा, ठेवायच्या तर कुठे ठेवणार? मग तो म्हणेल तो भाव.

या खेपेला मावशींनी बारा मेंढ्यांचं जाऊन-येऊन तिकीट मागितलं. तिकीटवाल्याने पेन खाली ठेवलं.

"विकायला नेताय की फिरवायला?"

"तू फाड."

"परतीचं वापरलं नाही तर पैसे मिळत नाहीत हं. मागाहून माझ्या नावाने बोटं मोडू नका."

व्यापारी ठरल्याप्रमाणे पावणेबाराला आला. म्हणाला, "सहा."

मावशींनी पहिली मेंढी बोटीच्या फळीवर चढवली. मग तिकिटं दाखवली.

"मेंढ्यांना परतीचं? मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"त्यांना बाहेर झोप येत नाही."

"बरं, सात."

चौथी चढली. पाचवीने व्यापाऱ्याच्या बुटाशेजारी आपलं मत नोंदवलं. त्याच्यामागे त्याचा ट्रक रिकामा उभा होता, आणि खाटीक दुपारपासून माल मागणार होते.

"साडेसात. आता ताणू नका."

मावशींना साडेसात पुरले असते. लेकीला पुरले नसते. सहावी चढली आणि भोंगा वाजला.

"आठ," व्यापारी म्हणाला. "उतरवा त्या."

उतरवायला चढवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. मेंढ्यांना बोट आवडली होती. कप्तान दहा मिनिटं खोळंबला आणि त्याने मावशींच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

परतताना मावशींनी बोटांवर हिशेब केला. मेंढीमागे दोन हजार जास्त आले होते. परतीचं भाडं मेंढीमागे एकोणीसशे. म्हणजे बाराही मेंढ्यांचे मिळून बाराशे सुटले. तेवढ्या पैशांत जंताच्या औषधाचा एक डबा येतो, लहान.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"किती मिळाले?"

"आठ हजार."

"खरं सांग."

"पावती आहे. वाचून दाखवू?"

लेक म्हणाली, "बरं. यंदा राहा. गुडघा कसा आहे?"

"आहे जागेवर."

भाडं किती गेलं, हे लेकीने विचारलं नाही. मावशींनीही उगाच फोनचं बिल वाढवलं नाही.