मेंढीचोराला वन्स मोअर

"दुसऱ्या अंकात आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांना पुढची वाक्ये आठवेनात. त्यामुळे त्यांनी तुरुंगातून पळण्याचा तोच प्रसंग पुन्हा पुन्हा केला, आणि प्रेक्षकांनीही तो मोठ्या मनाने गोड मानून घेतला."

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीसांनी वार्तापत्रात छापलेला हा वृत्तान्त साफ खोटा आहे. प्रश्न केवळ माझ्या अभिमानाचा असता, तर मी हसून सोडून दिले असते. नाही, तेव्हाही सोडले नसते. पण याच वृत्तान्ताच्या आधारावर कॉव्हेंट्रीच्या प्रयोगात माझी भूमिका दुसऱ्याला द्यावी, असा ठराव रविवारच्या सभेत येतो आहे. ती भूमिका मला हवी आहे. म्हणून हे लिहितो.

नाटक मंडळातल्याच एका भूलतज्ज्ञ बाईंनी लिहिलेले. नायक हॅम्पशायरचा मेंढीचोर. एका मेंढीपायी त्याला जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाला धाडतात. तिथे तो पुन्हा चोरतो, पळतो, सापडतो, फटके खातो, आणि पाठीवरचे वळ सुकण्याआधी पुन्हा पळतो. दर खेपेस बेड्या जड होतात, तुरुंग आणखी दूरच्या बेटावर जातो. हा इसम मात्र सुधारण्याचे नाव घेत नाही. सारा जन्म रुग्णालयात वेळेवर हजर राहिलेल्या मला तो सख्ख्या भावाहून जवळचा वाटू लागला. त्याचे संवाद मी बसमध्ये म्हणे, आमटी ढवळताना म्हणे. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एकदाचे पळून तरी जा, नाहीतर गप्प आत तरी बसा!"

प्रयोगाच्या दिवशी पलायनाआधी मला एक पद होते. त्याच्या शेवटच्या तानेवर मी तुरुंगाची भिंत, म्हणजे आडवे केलेले टेबल-टेनिसचे टेबल, ओलांडली आणि प्रेक्षकांतून धावत सुटलो. वड्यांच्या टेबलाशी शिपायाने मला धरले. तोच मागच्या रांगेतून आरोळी आली, "वन्स मोअर!"

मराठी रंगभूमीवर वन्स मोअर मिळालेला नट काय करतो? मेलेला असला तरी उठून गातो. मी तर जिवंत होतो. भिंतीआड परतलो, पद पुन्हा आळवले आणि पुन्हा पळालो. हॉल उभा राहिला. पुन्हा वन्स मोअर! या खेपेला मी थेट कार पार्कमध्ये गेलो. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका इंग्रज गृहस्थांनी माझ्या बेड्या पाहिल्या, मागून येणारा शिपाई पाहिला, आणि अदबीने माझ्यासाठी फाटक उघडून धरले. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो मुलांच्या पदवीदानालाही झाला नव्हता.

"काका, थांबा ना प्लीज! माझी श्वास लागला!" शिपाई ओरडला. तो इथेच जन्मलेला, रेडिओलॉजिस्ट.

"कैद्याला काका म्हणतोस? गोळी झाड!" मी ओरडलो.

"गन स्टेजवर राहिली, काका!"

वार्तापत्र हाती आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चिटणीसांना फोन करून जाब विचारला, तर म्हणतात, "अहो डॉक्टर, वन्स मोअर गाण्याला असतो, पळण्याला नव्हे. विसरलात, मान्य करा ना. वय होतं माणसाचं."

"वय तुमचंही झालंय. तुमचा न्यायाधीशाचा टोप कानावर आला होता!"

"तो टोप मोठाच होता हो!"

न्यायाधीश तेच होते, हे मुद्दाम नमूद करतो. दर पकडीनंतर मला त्यांच्यापुढे उभे करीत आणि ते शिक्षा फर्मावीत. पुनरावृत्ती म्हणजे विस्मृती, असे त्यांचे अनुमान आहे. ज्याला पुढचे आठवत नाही, तो मागचे तरी तालासुरात तीनदा कसे म्हणेल? पण अनुमानाला अनुमानाने उत्तर देण्याचे मला कारणच नाही.

कार पार्कमधून मला धापा टाकीत परत आणले, तेव्हा न्यायाधीशमहाराज हातोडा उगारून तसेच उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा मीच, बेड्यांत उभा राहून, "शंभर फटके आणि जन्मभर बेटावर" असे त्यांना हळूच सांगितले, आणि माझ्या सदऱ्याला लावलेला माइक चालू असल्यामुळे न्यायाधीशांचा निकाल त्यांच्याआधी सबंध हॉलने आरोपीच्या तोंडून ऐकला.