दोघांच्या मापाची गादी

२२ नोव्हेंबर १९९८. रविवार. भांडी आवरून मी कात्री घेऊन गच्चीवर गेले आणि भारतीची गादी उसवायला बसले. भारती माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन पाच आठवडे झाले. घरातलं तिचं अंथरूण-पांघरूण रीतीप्रमाणे तेराव्याच्या आत देऊन झालं होतं, पण ही गादी खाली उभ्या असलेल्या जीपमध्ये होती आणि ती कुणाला आठवली नाही. आदल्या दिवशी माझे दीर प्रकाश भाऊजी ती खांद्यावर टाकून वर आले आणि म्हणाले, "वहिनी, ही राहिलीच की. काय करायचं ते बघा." शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, मेलेल्या माणसाची गादी घरात ठेवू नये. मी म्हटलं, कापसाला कसलं सुतक? खोळ धुवायची, कापूस उन्हात घालायचा, मग ठरवू. गादी मीच शिवली होती, त्यामुळे टाका कुठून ओढायचा ते मला ठाऊक होतं.

भारती नवघर गावातली. आम्ही परळहून इथे आलो तेव्हा आमच्या इमारतीमागे तिच्या वडिलांचं घर होतं, आणि दोन वर्षांत भाऊजींनी तिच्याशी लग्न केलं. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं होती. ती एका शाळेच्या कचेरीत नोकरी करायची. मी घरी पडदे आणि ब्लाउज शिवायची आणि सासूबाईंचं बघायची. ती दिसायला माझ्याहून बरी नव्हती, स्वयंपाकात तर नव्हतीच. पण तिला झोप यायची. मला लग्नापासून झोपेचा त्रास आहे. ती मात्र कुठेही आडवी झाली की पाचव्या मिनिटाला घोरायला लागायची. एका लग्नात तांदळाच्या पोत्यांवर झोपलेली मी तिला पाहिली आहे. आधी मला तिच्या झोपेचाच हेवा वाटायचा. बाकीचा नंतर आला.

तो आला १९८८मध्ये, जीपबरोबर. भाऊजी गॅरेजमध्ये कामाला होते. लष्कराने लिलावात काढलेली एक जुनी जीप त्यांनी घेतली आणि सहा महिने खपून चालती केली. जव्हार, मोखाडा, तुंगारेश्वर... जिथे डांबर संपतं तिथून पुढे जायचं, नदीच्या पात्रात उतरायचं आणि मुक्कामही तिथेच करायचा, असं त्यांच्या डोक्यात होतं. प्रश्न एकच उरला, झोपायचं कशावर? आमच्या घरात असले प्रश्न माझ्याकडे येतात, कारण मापाची टेप माझ्याकडे असते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगाल तसं."

मी महिनाभर हा विषय धरून बसले. आधी ताडपत्री अंथरून वर सतरंजी टाकून पाहिली. अंगणात एकदा झोपल्यावर भाऊजी सकाळी पाठीला ओल घेऊन उठले, शिवाय जंगलात विंचू. मग कॅनव्हासची घडीची खाट झाली. तिचे पाय मऊ जमिनीत रुततात आणि खालून गार वारा लागतो, पण जाड कांबळं घातलं तर ती वाईट नाही. जीप आणि झाड यांच्यामध्ये झोळी बांधली. तिच्यातून भाऊजींना बाहेर काढायला दोन माणसं लागली. हवेची रबरी गादी तासाभरात बसली, आणि तोवर कूस बदलली की आवाज करायची. तंबू चांगला, चार माणसांना पुरणारा. पण दगडाळ जमिनीत खुंट्या धरत नाहीत, आणि उतार असला की सगळे एकमेकांवर घरंगळतात. शेवटी मी जीपमध्येच टेप घेऊन शिरले. पुढच्या बैठकांच्या पाठी पुढे पाडल्या, मागचं फळकुट खाली सोडून त्याला टेकू दिला, तर सहा फूट लांबी मिळत होती. चाकांवरच्या उंचवट्यांच्या पातळीला फळ्या टाकल्या तर रुंदी चार फूट, आणि फळ्यांखाली सामान. जमिनीची ओल नाही, विंचू नाही, वर कापडी हूड आहेच. डोकं चढाच्या बाजूला करून जीप लावली की झालं. स्पंज तापतो म्हणून कापूस, आणि तोही पातळ, तीन तुकड्यांत, नाड्यांनी जोडलेला, म्हणजे दिवसा बसायला होतो. याहून चांगली सोय होऊ शकत नव्हती. आजही मी तेच सांगेन.

चार फुटांत दोन माणसं झोपतात. हे मला टेप गुंडाळताना कळलं.

मला जायचं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण तेव्हा कुणालाच बोलले नाही. सासूबाईंना दोन दिवस सांभाळायला माझी नणंद वसईहून आली असती. तंबू निवडला असता तर आम्ही चौघं गेलो असतो. पण तंबू चुकीचा होता, आणि चुकीची वस्तू बरोबर म्हणून सांगणं मला जमत नाही. भारती फळ्यांवर मांडी घालून बसली होती. तिने विचारलं, "आन् ताई, तुम्ही कुठं निजणार?"

मी म्हटलं, "मला कशाला गं? मला घरची गादी बरी."

"न्हाय म्हणता? बरं. मंग दोघांचीच शिवा."

विषय संपला. आमच्याकडे, माहेरी आणि सासरीही, पहिलं 'नको' मोजत नाहीत. पाहुण्याने एकदा नको म्हणायचं, यजमानाने पुन्हा विचारायचं, मग पाट घ्यायचा. पहिल्याच हाकेला जो बसतो तो हावरट. भारतीच्या घरी नाही म्हणजे नाही. तिकडे जेवणाला दोनदा विचारलं तर माणूस म्हणतो, एकदा सांगितलं ना? मला दहा वर्षं वाटत होतं की तिने मला मुद्दाम टाळलं, आणि तिला वाटत होतं की मला जंगल आवडत नाही.

त्यानंतर दर पावसाळा सरला की शनिवारी दुपारी जीप निघायची आणि रविवारी संध्याकाळी लाल धूळ घेऊन परतायची. ऊन माझ्या गॅलरीत येतं, म्हणून सोमवारी गादी माझ्या कठड्यावर. तिला धुराचा वास यायचा, खोळीला कुसळं चिकटलेली असायची, आणि ती मी एकेक करून काढायची. "काय झोप लागली ताई," भारती कामाला जाता जाता जिन्यातून सांगायची, "कोल्हं जीपखालून गेलं, मला पत्ता न्हाय." मी म्हणायची, "तुझ्या घोरण्याने पळालं असेल." ती हसायची. मी गंमत करत नव्हते.

एक गोष्ट कबूल करते. चार वर्षांनी गादी पिंजून परत भरायला आली, तेव्हा मी मुद्दाम कापूस कमी भरला. फळी पाठीला टोचू दे, एकदा तरी तळमळू दे. सोमवारी ती उगवली आणि म्हणाली, "ताई, ह्या वेळेला गादी एक नंबर झालीय. कडक. माझी कंबरच मोकळी झाली." पुढच्या वर्षी तिने गादी तशीच भरून मागितली, आणि मी भरून दिली.

ऑक्टोबरमध्ये तिची कावीळ उलटली. नऊ दिवस ती रुग्णालयात होती. सातव्या दिवशी दुपारी मी जवळ बसले होते. डोळे पिवळे, आवाज बारीक झालेला. तिने तक्रार केली की या लोखंडी खाटेवर झोप येत नाही. तिला झोप येत नाही हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर मला क्षणभर बरंही वाटलं. मग ती म्हणाली, "बरी झाले ना ताई, की तुम्ही चला. आम्ही खाली ताडपत्रीवर निजू. मला काय, कुठंबी चालतं."

मी म्हटलं, "छे, मला कशाला?" आणि थांबले. सवयीने थांबले. तिने मान हलवली, डोळे मिटले... दोन दिवसांनी भाऊजींचा फोन आला.

लोक आता तिच्याबद्दल चांगलं बोलतात. किती मोकळी होती, किती जगली. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करते. त्या मोकळेपणाची गादी मी शिवली होती, हे कुणी म्हणत नाही म्हणूनही करते. आणि सोमवारी जिन्यात आता कुणी थांबत नाही, म्हणूनही माझी चिडचिड होते.

तर रविवारी मी कापूस पसरत होते, तेव्हा भाऊजी गच्चीवर आले. म्हणाले, "पुढच्या शनिवारी जीप काढतोय. उभी राहून बॅटरी बसेल. दादा आणि तुम्ही येता का?"

"नको हो," मी म्हटलं. "आम्हाला कशाला?"

"बरं," म्हणून ते वळले. मूळचे आमच्याच घरातले, त्यांनी पुन्हा विचारायला हवं होतं. पण बारा वर्षं भारतीबरोबर काढली होती. ते जिन्याच्या दारापर्यंत पोचले.

"भाऊजी," मी ओरडलेच, "परत विचारा."

"काय?"

"मगाशी विचारलंत ते."

ते दारातून मागे वळले. मग म्हणाले, "वहिनी, येता का?"

"येते."

जेवताना आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मीही येतो. मला तर दहा वर्षांत पहिल्यांदाही कुणी विचारलं नव्हतं." तेव्हा ठरलं की गादी द्यायची नाही. परत भरायची, कडकच, आणि तिच्यावर दोघं भाऊ झोपतील. शेजारच्या काकूंना काय म्हणायचं ते म्हणू देत.

सोमवारी सकाळी दुकानं उघडताच मी केबिन रोडला गेले. ताडपत्रीवाल्याकडे घडीच्या खाटेसाठी कॅनव्हास मागितला. त्याने तागा उलगडला आणि विचारलं, "साहब के लिए? हाइट कितना है?"

"मेरे लिए," मी म्हटलं, आणि माप घ्यायला ताठ उभी राहिले.