सुलोचनाबाईंचा अंगठा

"खरं सांग, माय. चिखलात हात घातलास ना?"

"नाही घातला."

"मंग मशीननं अंगठा काऊन घेतला नाही?"

"मशीनलेच इचार."

ओमेशने आईचा हात धरून दारातल्या उजेडाकडे ओढला आणि नखं पाहिली. नखं स्वच्छ होती. त्यामुळे त्याचा राग आणखीच वाढला.

सकाळी दवनीवाड्याच्या चौकातल्या बँकमित्राच्या दुकानात पैसे काढायला सुलोचनाबाईंची दहाही बोटं लावून झाली होती. मशीनने एकही ओळखलं नाही. "वयानं घासते रे रेषा," बँकमित्र म्हणाला होता. ओमेशला ते पटलं नव्हतं.

नवरा गेल्यावर सातबारा सुलोचनाबाईंच्या नावावर चढला, म्हणून शेतकऱ्याची सरकारी किस्त त्यांच्याच खात्यात येते. लॉकडाऊनमध्ये ओमेशचं नागपूरचं हॉटेलातलं काम सुटलं, तेव्हा सरकारने किस्त लवकर सोडली आणि घरात तेल-मीठ आलं ते या अंगठ्यावर. पुढची किस्त आली ती धानाचा रोवणा आटोपता आटोपता. दिवसभर वाकून चिखलात धानाची रोपं, पऱ्हे खोवणाऱ्या बायांच्या बोटांची सालं तेव्हा निघालेली असतात. सुलोचनाबाई तर गावातल्या सगळ्यात चपळ रोवणारीण. त्यांची बोटं गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती, मशीनने अंगठा घेतलाच नाही. पैसे खात्यात पडून, आणि घरात चहाला साखर नाही.

त्या वर्षी ओमेशने ठरवून टाकलं, माय रोवण्याला जाणार नाही. साथ सरली, त्याला गोंदियात काम मिळालं, पण बंदी उठली नाही. उलट तिच्यात भर पडत गेली. राखेने भांडी घासायची नाहीत. अंगण सारवायचं नाही. पावशीवर भाजी चिरायची नाही. सून नूतन रोज अंगठ्याला खोबरेल चोळून देई. शेजारणी म्हणत, नशीबवान आहे, बसून खाते. रोवण्याची टोळी गाणी म्हणत बांधीकडे निघाली की सुलोचनाबाई ओसरीवरून बघत राहत. टोळी चालवणाऱ्या निर्मलाबाईच्या डाव्या हाताची, ओळीतली त्यांची जागा कधीच दुसरीने घेतली होती.

"आता कपडे बी नका धुवू, माय," नूतन म्हणाली. "साबन खाते हाताले. मी करीन सारं."

"मंग मी काय करू?"

"आराम करा."

"पंधरा दिवस बस," ओमेश म्हणाला. "कातडी भरली का परत लावून पाहू."

"अन् नाही घेतला तं?"

"तं आनखी पंधरा दिवस."

"मी मेली का अंगठा तेवढा कापून फ्रिजात ठेवशीन काय रे?"

"वाकडं कायले बोलतेस? तुह्यासाठीच करून राहिलो ना!"

तेवढ्यात टोळी परतली. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली निर्मलाबाई अंगणाच्या कवाडाशी थांबली. "ओमेश, उद्या एक बाई कमी पडून राहिली गा. हाय का कोनी?"

"नाही," ओमेशने आतूनच सांगितलं.

सुलोचनाबाईंनी त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. आत जाऊन खुंटीवरचं जुनं लुगडं काढलं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि ओसरीवर आल्या.

"उद्यापासून मी रोवण्याले जाईन," त्या म्हणाल्या. "नूतन, डब्बा लवकर करजो."