गार बोनट

अक्षर वाकडं आलंय आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही, तेवढं सांभाळून घ्यावं. चौथीनंतर पेन हातात आलं ते मुलांच्या वह्यांवर नावं टाकण्यापुरतं.

दुष्काळात देवगाव रंगारीला नणंदेच्या गोठ्यात वैरण उरली नाही, तेव्हा तिनं म्हशी विकल्या. ते पैसे तिनं आमच्या ह्यांना जुनी गाडी घ्यायला दिले. पाऊसपाणी झालं की परत द्या, मला पुन्हा म्हशी घ्यायच्यात, म्हणाली. हे कंपनीची माणसं शहरातून बिडकीनला न्यायला लागले.

उन्हाळ्यात गाडीतला गरमीचा काटा लाल रेघेवर जायला लागला. हे गाडी कडेला लावून, बोनट उघडून जाळीवर पाणी मारायचे. माणसांना उशीर व्हायचा. असंच चाललं तर दुसरी गाडी बघू, असं त्यांनी सांगून टाकलं. आमच्याकडं टँकर आठवड्यानं यायचा. मी धुण्याचं पाणी वाचवून ह्यांचा कॅन भरायची. हे मिस्तरीकडं मात्र जाईनात. इंजिन गेलं म्हणाला तर बहिणीला काय तोंड दाखवू, एवढंच म्हणायचे.

एका सकाळी मी कॅन ठेवायला गेले. ह्यांनी नुसती चावी फिरवली, गाडी चालूही झाली नव्हती, तरी काटा वर. पोराचं अंग बघावं तसा मी बोनटवर हात ठेवला. रात्रभर उभी असलेली गाडी गार होती. इंजिनातलं मी काय बोलणार? गल्लीत माणसं होती, तरी मी ह्यांचा हात धरला आणि बोनटवर ठेवला.

"गार हाय की," हे म्हणाले.

"मग तापलंय कोण?"

लई दिवसांनी हसले. त्याच दिवशी मला बसवून मिस्तरीकडं गेले. त्यानं इंजिनाजवळची एक वायर काढली, तसा काटा खाली पडला. इंजिनाला काही नाय झालं, गरमी सांगणारा सेन्सर तेवढा बिघडलाय, म्हणाला. अंगठ्याएवढा नवा बसवून दिला. वर ह्यांची चेष्टाही केली, "एवढ्यासाठी इतकं पाणी उधळलं व्हय?"

"माझं नाय," हे हळूच म्हणाले. "हिच्या वाट्याचं."

मी पदर सारखा करत राहिले.

भाडं टिकलं. पुढं पाऊस झाला, आम्ही थोडं थोडं करून पैसे पोचवत राहिलो. शेवटचे द्यायला त्याच गाडीनं गेलो, मी पुढच्या सीटवर. दारात नवी म्हैस रवंथ करत होती. नणंदेनं न मोजताच पैसे कनवटीला लावले आणि म्हणाली, "फिटले बघ सगळे."